पगाराची पावती आणि हक्कांचा हिशेब

उत्पन्नासाठी आपल्या भाषेत जे शब्द रूढ झाले आहेत, ते पाहण्यासारखे आहेत. 'पगार' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला आणि त्याचा मूळ अर्थ मोबदला चुकता करणे एवढाच आहे. 'नोकरी' आणि 'रोजी' फारसीने दिले. 'रिज्क' हा मात्र दिव्य कुरआनचा शब्द आहे आणि त्याची व्याप्ती या सर्वांहून मोठी आहे. अल्लाहने दासाला दिलेले अन्न, वस्त्र आणि धन हे रिज्क आहेच. शिवाय आरोग्य, वेळ, सदाचारी संतती, मनाची शांती आणि इबादतीची संधी हीसुद्धा त्याचीच देणगी आहे, असे उलमा समजावतात. म्हणून पगार वाढला म्हणजे रिज्क वाढलेच, असे धरून चालता येत नाही. पगार वाढत असताना रिज्काचे इतर वाटे कमी होत गेले, असेही घडते. ते कमी होणे पावतीवर छापलेले नसते, म्हणून कित्येक वर्षे ध्यानातही येत नाही.

शुक्रवारच्या नमाजनंतर तरुण मंडळी सल्ला विचारायला थांबतात. अलीकडे त्यांच्या प्रश्नांत एक प्रश्न वारंवार असतो : "इमामसाहेब, दोन नोकऱ्या आहेत, कोणती घेऊ?" सोबत दोन आकडे सांगितले जातात. त्या दोन आकड्यांपलीकडे आणखी काय विचारात घ्यावे, हा या लेखाचा विषय आहे.

कष्टाची कमाई ही प्रेषितांची परंपरा

प्रथम एक गैरसमज दूर करू. नोकरीची किंमत मोजणे म्हणजे नोकरीला कमी लेखणे नव्हे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तरुणपणी मक्केतील लोकांच्या शेळ्या-मेंढ्या काही कीरातांच्या मोबदल्यात राखल्या आणि पुढे ही गोष्ट स्वतः सांगितली. प्रत्येक पैगंबराने मेंढरे राखली आहेत, असेही त्यांनी सांगितले. हजरत दाऊद (अलै.) राज्यपद असूनही स्वतःच्या हातच्या श्रमाचे खात, असे सही बुखारीच्या हदीसमध्ये आले आहे. आपल्यावर ज्यांच्या पोटाची जबाबदारी आहे त्यांना उपाशी ठेवणे हे माणसाच्या नावावर पाप म्हणून पुरेसे आहे, अशी ताकीद प्रेषितांनी (स.) दिली. त्यामुळे हलाल कमाईसाठी बाहेर पडणारा माणूस आपले कर्तव्य बजावत असतो, यात शंका नाही.

नोकरीच्या कराराचा सर्वांत सुंदर नमुना सूरह अल-कससमध्ये आहे. हजरत मूसा (अलै.) मिस्रमधून निघून मदयनला पोहोचतात. तेथील वृद्ध गृहस्थाची मुलगी पित्याला सुचवते की, या माणसाला कामावर ठेवा. तो बलवान आहे आणि विश्वासू आहे. पिता आठ वर्षांची मुदत सांगतो, दहा पूर्ण करणे मूसांच्या (अलै.) इच्छेवर सोडतो आणि तुम्हाला त्रासात टाकण्याचा माझा हेतू नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो. मूसा (अलै.) अटी मान्य करतात आणि अल्लाहला साक्षी ठेवतात. काम काय, मुदत किती, मोबदला कोणता, ऐच्छिक काय आणि बंधनकारक काय, हे सारे या करारात काम सुरू होण्यापूर्वी ठरले. आयुष्याची आठ ते दहा वर्षे जाणार आहेत, हे दोन्ही पक्षांना ठाऊक होते. यात झाकलेली किंमत कोणतीच नव्हती. आपल्या नेमणूकपत्रांना हीच कसोटी लावायची आहे.

कागदावरचा पगार आणि हातातला पगार

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी मांडले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालावेत. मुंब्र्यातील एका तरुणाला दक्षिण मुंबईत नोकरी मिळाली. पत्रात वार्षिक ३,६०,००० रुपये लिहिले आहेत. घरात पेढे वाटले गेले, कारण महिना ३०,००० झाला. परंतु हा आकडा 'सीटीसी' आहे, म्हणजे या माणसापायी कंपनीला येणारा एकूण खर्च. त्यात मालकाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी (पीएफ) आणि ग्रॅच्युइटीची तरतूद धरलेली असते. मूळ वेतन १५,००० असेल, तर १२ टक्क्यांनी मालकाचा वाटा १,८०० रुपये आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२० रुपये आधीच बाजूला निघतात. उरले २७,४८०. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) कापला जातो. बँकेत जमा होतात २५,४८० रुपये.

आता नोकरी करण्यासाठी म्हणून होणारा खर्च पाहू. रेल्वेचा पास आणि दोन्ही टोकांची रिक्षा-बस मिळून २,२००. बाहेरचे जेवण व चहा, रोजचे १०० धरले तर २६ दिवसांचे २,६००. कार्यालयाला शोभतील असे कपडे, बूट, बॅग यांचा सरासरी खर्च ७००. मोबाइलचा वाढीव खर्च ४००. वाढदिवस, निरोपसमारंभ यांची वर्गणी ३००. पाठदुखी आणि आम्लपित्ताची औषधे ५००. वडील घरी पोहोचेपर्यंत मुले झोपलेली असतात, म्हणून त्यांच्या शिकवणीचे १,५००. बेरीज ८,२०० होते. उरले १७,२८० रुपये.

आणखी एक घटक राहिला, तो म्हणजे वेळ. कार्यालयाचे नऊ तास आणि दारापासून दारापर्यंत जाण्या-येण्याचे चार तास मिळून दिवसाचे तेरा तास झाले. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३३८ तास. कागदावर ३०,००० रुपये आणि २३४ तास होते. तासाला १२८ रुपये पडत होते. प्रत्यक्षात तासाला ५१ रुपये पडतात.

याच तरुणाला मुंब्रा-कौशातील एका दुकानात हिशेबनिसाचे काम १९,००० रुपयांवर मिळत होते. कामाचे नऊ तास, जाण्या-येण्याचा अर्धा तास पायी आणि दुपारी घरचा डबा. किरकोळ खर्च १,००० धरला तर उरतात १८,०००. महिन्याचे तास २४७. तासाला सुमारे ७३ रुपये. येथे न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, या दुकानात पीएफ नाही. पहिल्या नोकरीतील दोन्ही बाजूंचे मिळून ३,६०० रुपये पीएफ व पेन्शनच्या खात्यात जातात; ते हातात येत नसले तरी भविष्यासाठी साठतात. ते मिळवले तरी तासाचा दर ६२ रुपयांपर्यंतच येतो.

याचा अर्थ दूरची नोकरी सोडावी, असा होत नाही. तेथे शिकायला मिळेल, बढती मिळेल, आजारपणाचा विमा असेल, पाच वर्षांनी पगार दुप्पट होईल, अशीही शक्यता असते. कित्येकांना जवळ काम मिळतच नाही. हिशेबाचा निष्कर्ष एवढाच की, ११,००० रुपयांचा जो फरक दिसत होता, तो प्रत्यक्षात नव्हता. ज्याने हा हिशेब आधी केला, तो दूरची नोकरीही डोळसपणे घेईल. ज्याने केला नाही, तो ३०,००० च्या समजुतीवर हप्त्याची मोटारसायकल घेईल, क्रेडिट कार्डावर फोन घेईल आणि तिसऱ्या महिन्यापासून व्याजाच्या दारात उभा राहील. स्वतःच्या मिळकतीविषयीचा गैरसमज कित्येक घरांत रिबाला आत घेऊन आला आहे.

जी किंमत आपली नाही

येथपर्यंतचा हिशेब कोणीही हिशेबनीस करून देईल. दीनचा विद्यार्थी येथून पुढे एक प्रश्न विचारतो : ही किंमत कोणाच्या मालकीच्या गोष्टीतून चुकवली जात आहे?

रिक्षाचे भाडे मी माझ्या खिशातून देतो. माझी विश्रांती, माझी हौस, मित्रांबरोबरची संध्याकाळ मी सोडतो. हा माझा त्याग आहे आणि नियत शुद्ध असेल, तर त्याचा मोबदला अल्लाहकडे आहे. परंतु नोकरी काही गोष्टी अशाही घेते, ज्या माझ्या नव्हत्याच. मुलाला पित्याचा सहवास मिळणे हा मुलाचा हक्क आहे. पत्नीचा हक्क पत्नीचा आहे. वृद्ध आईला दवाखान्यात नेणे हा आईचा हक्क आहे. नमाज अल्लाहचा हक्क आहे. माझे शरीरदेखील माझी मालमत्ता नसून अमानत आहे. दुसऱ्याच्या वस्तूने आपले देणे चुकवण्याला आपण व्यवहारात काय म्हणतो, हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

सही बुखारीतील एक प्रसंग या बाबतीत मार्गदर्शक आहे. प्रेषितांनी (स.) हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांच्यात बंधुत्वाचे नाते जोडले होते. सलमान (रजि.) त्यांच्या घरी गेले, तेव्हा उम्मे दरदा (रजि.) यांची साधीसुधी, दुर्लक्षित अवस्था त्यांना दिसली. कारण विचारता त्यांनी सांगितले की, तुमच्या भावाला या दुनियेत रसच उरलेला नाही. अबू दरदा (रजि.) दिवसा रोजा ठेवत आणि रात्रभर नमाजमध्ये उभे राहत. सलमान (रजि.) यांनी त्यांना जेवायला लावले, रात्री झोपायला लावले आणि शेवटच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज अदा केली. मग सलमानांनी (रजि.) समजावले की, तुमच्यावर तुमच्या पालनकर्त्याचा हक्क आहे, तुमच्या देहाचा हक्क आहे आणि घरच्यांचाही हक्क आहे, प्रत्येकाला त्याचा हक्क द्या. प्रेषितांना (स.) हे कळले, तेव्हा सलमान (रजि.) खरे बोलले, असे त्यांनी सांगितले.

विचार करण्याची गोष्ट अशी की, अबू दरदा (रजि.) घरच्यांचा वेळ नफिल इबादतीला देत होते. त्यासाठीसुद्धा दुसऱ्यांचे हक्क खर्च करण्याची मुभा मिळाली नाही. मग जादा ड्युटीच्या भत्त्यासाठी किंवा वरिष्ठांच्या मर्जीसाठी ती कशी मिळेल?

अर्थात, घरच्यांचा हक्क घरचे स्वखुशीने कमी करून देऊ शकतात. पत्नी म्हणू शकते की, दोन वर्षे अशी काढू, कर्ज फिटू द्या. आई म्हणू शकते की, बाळा, तू जा, मी सांभाळीन. म्हणूनच नोकरीचा निर्णय घरात सल्लामसलतीने व्हायला हवा. ईमानवंतांचे व्यवहार परस्परांच्या सल्ल्याने चालतात, हा गुण कुरआनने सूरह अश-शूरामध्ये वर्णिला आहे. ज्यांना किंमत मोजायची आहे त्यांना आधी विचारणे, हा न्याय आहे. नेमणूकपत्रावर सही झाल्यानंतर घरी कळवणे याला सल्लामसलत म्हणता येणार नाही.

मगरिबची लोकल

हक्कांमध्ये पहिला हक्क अल्लाहचा. सूरह अल-जुमुआ खरेदी-विक्री थांबवून नमाजकडे येण्याची आज्ञा देते आणि नमाज संपताच भूमीवर पांगून अल्लाहची कृपा शोधण्यासही सांगते. कामाला मनाई नाही. कामाला क्रम दिला आहे.

मुंबईत डिसेंबरमध्ये सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि मगरिबची वेळ साधारण सव्वा तास असते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सव्वासहाला धीम्या लोकलमध्ये चढलेला माणूस मुंब्र्याला उतरतो, तेव्हा ती वेळ संपलेली किंवा संपत आलेली असते. गर्दीत उभे राहायला जागा नाही, तेथे नमाजला कोठून असणार? शिवाय हा रोजचा प्रवास शरीअतच्या सफरच्या अंतरात बसत नाही, त्यामुळे मुसाफिराच्या सवलती येथे लागू होत नाहीत. चार हिवाळ्यांत अशा किती मगरिब हातून जातील, हे ज्याने त्याने मोजावे. उपाय साधा आहे : स्थानकाजवळ नमाज अदा करून नंतरची लोकल धरावी. एक लोकल सोडण्याची किंमत दहा-पंधरा मिनिटे आहे आणि ती माझ्या मालकीच्या वेळेतून जाते. मगरिब सोडण्याची किंमत माझ्या मालकीची नाही.

गर्दीचा विषय निघाला म्हणून देहाच्या अमानतीविषयीही सांगतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलच्या दारात उभे असलेले प्रवासी रुळांवर पडले आणि काहींचे प्राण गेले. अल्लाह त्यांच्या घरच्यांना धीर देवो. गर्दीचा दोष त्या प्रवाशांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. पुरेशा गाड्या देणे हे व्यवस्थेचे काम आहे. आपल्या हाती एवढेच आहे की, पाच मिनिटांच्या उशिरासाठी दारात लटकू नये आणि कार्यालयातही उशिराच्या हजेरीपुढे कोणाचा जीव स्वस्त मानला जाऊ नये.

कमावत्या भगिनी

आज आपल्या मुली शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, बँकांत व संगणकाच्या कामांत आहेत. त्यांच्या नोकरीचा हिशेब निराळा मांडावा लागतो. शरीअतमध्ये घरखर्चाची, म्हणजे नफक्याची, जबाबदारी पतीवर आहे. पत्नीची कमाई ही तिची मालमत्ता आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या पत्नी हजरत जैनब (रजि.) यांनी आपले धन पती व पदरच्या अनाथ मुलांवर खर्च करण्याविषयी विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यात नात्याचे आणि सदक्याचे असे दुहेरी पुण्य सांगितले. ज्या खर्चाला सदक्याचे पुण्य मिळते, तो तिच्यावर कर्तव्य म्हणून लादलेला नव्हता, हे यातून स्पष्ट होते.

आपल्या घरांत काय दिसते? पत्नी सकाळी साडेपाचला उठून डबे करते, आठला घराबाहेर पडते, सातला परतते आणि ओट्यापाशी उभी राहते. तिचा पगार घराच्या हप्त्यात जातो. पाळणाघराचे पैसे मात्र 'तिच्या नोकरीमुळे होणारा खर्च' म्हणून तिच्याच पगारातून वजा होतात. मूल दोघांचे असताना हा खर्च एकटीच्या नावावर का? तिने घरखर्चाला हातभार लावला, तर तो तिचा उपकार आहे. तो उपकार स्वीकारणाऱ्या पतीने घरकामाचा वाटा उचलणे हे सौजन्य आहे आणि सुन्नतही आहे. प्रेषित (स.) घरात घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत, असे हजरत आइशा (रजि.) यांनी सांगितले आहे.

आखाताचा हिशेब

श्रीवर्धन-म्हसळ्यापासून दापोली-खेड, चिपळूण-रत्नागिरीपर्यंत कोकणातील आपल्या कित्येक घरांचा पाया आखाती देशांतील कमाईवर उभा आहे. मुलांची शिक्षणे, बहिणींचे निकाह आणि आई-वडिलांची हजयात्रा त्या कष्टांतून झाली. त्या कष्टांचा आदर राखूनच त्यांची किंमत मांडली पाहिजे.

पैशाची किंमत प्रथम. १९८३ च्या परदेशगमन कायद्याखालील नियमांनुसार नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. त्याहून अधिक मागणारा नियम मोडत असतो. ती जादा रक्कम भरण्यासाठी आईचे दागिने गहाण टाकले जातात किंवा व्याजाने पैसे उचलले जातात आणि पहिल्या वर्षाची कमाई त्यातच जाते. सौदी अरेबियात इकाम्याचे शुल्क कायद्याने मालकावर आहे. कामगाराच्या पगारातून ते कापणे योग्य नाही. कुटुंब सोबत ठेवायचे म्हटले, तर जुलै २०१७ पासून तेथे प्रत्येक आश्रितामागे शुल्क लागू झाले. दरमहा १०० रियालपासून ते वाढत २०२० पासून ४०० रियालवर गेले. पत्नी व दोन मुलांचे महिन्याला १,२०० रियाल होतात. मध्यम पगाराच्या माणसाला हे झेपत नाही आणि कुटुंब गावी परतते.

आता वर्षांची किंमत पाहू. दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची रजा मिळणाऱ्या माणसाने आखातात पंचवीस वर्षे काढली, तर त्या पंचवीस वर्षांत तो घरी पंचवीस महिने असतो. पंचवीस महिन्यांत पती व्हायचे, पिता व्हायचे आणि आई-वडिलांचा मुलगाही व्हायचे. हजरत उमर (रजि.) यांनी रात्रीच्या गस्तीत एका स्त्रीचा विरहाचा शोक ऐकला आणि आपली कन्या हजरत हफ्सा (रजि.) यांना विचारून सैनिकांच्या घरापासून दूर राहण्यावर मर्यादा घातली, काही रिवायतींत ती चार महिन्यांची आहे, काहींत सहा. ते सैनिक अल्लाहच्या मार्गात होते, तरीही खलीफांनी घरी राहिलेल्या स्त्रीचा हक्क मोजला. फुकहांनी यावरून दीर्घ वियोगासाठी पत्नीची संमती आवश्यक मानली आहे. ही संमती एकदा, निकाहच्या वेळी, गृहीत धरून संपत नाही. दर रजेत, परतीचे तिकीट काढण्यापूर्वी, ती पुन्हा विचारली पाहिजे. तसेच किती रक्कम साठली म्हणजे परत यायचे, हे जाण्यापूर्वीच ठरवावे. हजरत मूसांच्या (अलै.) कराराला मुदत होती. आपल्या आखाताला बहुधा ती नसते.

काम देणाऱ्यांसाठी

हा हिशेब मालकांनाही लागू आहे. पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कियामतच्या दिवशी अल्लाह स्वतः वादी असेल, असे हदीसमध्ये आहे. हाताखालच्यांवर शक्तीबाहेरचे काम लादू नका आणि लादलेच तर त्यांना मदत करा, अशी शिकवण आहे. सुनन अबू दाऊदमधील एका हदीसनुसार, ज्याला सार्वजनिक कामावर नेमले जाईल त्याला पत्नी नसेल, तर त्याने विवाह करावा. सेवक नसेल तर सेवक ठेवावा. निवास नसेल तर निवास मिळवावा. कामामुळे माणसाच्या संसारावर जो भार येतो, तो कामाच्या मोबदल्यात धरला पाहिजे, हे तत्त्व यात आहे. हजरत अबू बक्र (रजि.) खलीफा झाले, तेव्हा आपला व्यापार आपल्या घरच्यांना पुरत होता आणि आता मुसलमानांच्या कामात गुंतल्याने घरचे बैतुलमालमधून खातील, असे त्यांनी उघडपणे सांगितले. पदामुळे काय गमावले, हे बोलून दाखवण्यात त्यांना संकोच वाटला नाही.

मस्जिद कमिट्यासुद्धा मालकच आहेत. फज्रपासून इशापर्यंत बांधलेल्या मुअज्जिनला दुसरे काम करता येत नाही, तेव्हा त्याच्या मानधनात ही अडवणूक धरली आहे काय? घरकाम करणाऱ्या भगिनीला सुट्टीचा दिवस आहे काय? दुकानातील मुलाला जुमुआसाठी दिलेला अर्धा तास रात्री वसूल होतो काय? एक इमाम हे लिहीत आहे म्हणून वाचकांनी हसावे. परंतु हसून झाल्यावर मुअज्जिनच्या घरी किती माणसे आहेत, तेही विचारावे.

घरी करावयाचा हिशेब

या महिन्यात एका संध्याकाळी घरातील मोठी माणसे एकत्र बसा आणि पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा.

१. हातात येणारा पगार किती? त्यातून केवळ नोकरीसाठी होणारा खर्च किती? उरते किती?

२. घरातून निघाल्यापासून परतेपर्यंत किती तास जातात? एका तासाची खरी कमाई किती?

३. पाच नमाजांपैकी कोणती नमाज या नोकरीमुळे धोक्यात येते? तिच्यासाठी कोणता उपाय आजपासून करता येईल?

४. मुलांशी, पत्नीशी किंवा पतीशी, आई-वडिलांशी जागेपणी रोज किती वेळ बोलणे होते?

५. या नोकरीने शरीराला काय दिले आणि शरीराकडून काय घेतले?

६. या किमतीपैकी माझ्या मालकीची कोणती आणि दुसऱ्याच्या हक्काची कोणती? ज्याचा हक्क आहे त्याला मी विचारले आहे काय?

७. ही व्यवस्था किती काळ चालवायची? मुदत ठरली आहे काय?

सहाव्या प्रश्नाचे उत्तर त्या हक्कदारालाच देऊ द्या. मुलांनाही बोलू द्या. त्यांचे उत्तर बहुधा सर्वांत लहान आणि सर्वांत अचूक असते. सारे उत्तर नकारार्थी आले, तरी उद्याच राजीनामा द्यावा, असे नाही. अल्लाह कोणावरही त्याच्या शक्तीबाहेर भार टाकत नाही. एक जादा ड्युटी कमी करणे, रविवारचा फोन बंद ठेवणे, शिकवणीचे दोन दिवस स्वतः घेणे, आईच्या तपासणीची तारीख आधी ठरवून रजा मागणे, एवढ्यानेही बुडालेला हक्क थोडा भरून निघतो.

कियामतच्या दिवशी आयुष्य कशात घालवले, तारुण्य कशात खर्चले, धन कोठून मिळवले, कशावर खर्च केले आणि ज्ञानाचे काय केले, हे विचारले जाईल, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. धनाविषयी यात दोन प्रश्न आहेत. आयुष्य आणि तारुण्याविषयीही दोन आहेत. पगाराच्या पावतीवर पहिल्या दोहोंची उत्तरे कदाचित मिळतील. दुसऱ्या दोहोंची उत्तरे आपल्याला आपल्या घरात, हक्कदारांच्या चेहऱ्यांवर वाचावी लागतील.

अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो, ती हलाल राखो आणि ती कमावताना कोणाचाही हक्क आपल्या हातून बुडू न देवो. आमीन.